भाव उतरवताना बोललात ते

अहो,

मी मोठ्या दवाखान्यात, माझ्या तपासण्या केलेल्या डॉक्टरीणबाईंना भेटायला चाललेय. मटणाचा शोरपो चुलीवर आहे, गरम करून घ्या. लगेच माझ्यामागे धावत येऊ नका.

काल नव्या गाड्यांच्या दुकानात तो विक्रेता किमतीवरून हटेना. मी त्या नव्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून बघत होते. तुम्हाला वाटलं, मला ऐकू येत नाही. तुम्ही त्याला म्हणालात, “भाऊ, बायको पुढचा वसंत बघायची नाही. तिला एकदा नारिनला, माहेरी न्यायचंय. वाजवी काय ते सांग.” मला हसूच आलं. म्हटलं, म्हातारा काय थाप मारतोय! त्यानं किंमत उतरवली, वर बर्फातले टायरही देतो म्हणाला.

सौदा झाला, हात मिळवून झाले, तरी तुमचे डोळे वाहायचे थांबेनात. थाप मारणारा काम झाल्यावर रडतो का हो?

रात्री तुम्ही पाठ करून झोपलात, म्हणून मी विचारलं नाही. आता बाईंनाच विचारते.

गाडी परत करू नका. संध्याकाळी ती घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी या. मग रडायचं असेल तर दोघं मिळून रडू.

शायिरगुल