निळ्या खुणेची पाकिटं

प्रिय मुंगी,

आधी पाठीवरची सॅक खाली ठेव. जेवणाची पाकिटं बाहेर काढ आणि ज्यांच्यावर माझ्या निळ्या पेन्सिलीची खूण आहे, म्हणजे सगळ्यांवरच, त्यातलं एकही फोडू नकोस. खेचरवाल्याने या पत्राबरोबर पिवळ्या पिशवीत दुसरी बारा पाकिटं दिली असतील, ती खायची. एवढं झालं की बूट काढ, पाणी पी आणि मग पुढचं वाच. मला थोडक्यात लिहिता येत नाही. तुझे आजोबा म्हणायचे, हिला पत्ता विचारला की ही आधी रस्ता कुणी बांधला तिथपासून सुरुवात करते.

हसलीस ना? म्हणशील, आजीने पुन्हा काहीतरी काढलं. तुझंही बरोबरच आहे. शाळेच्या शिबिराला गेली होतीस तेव्हा माझ्या पोटात कळा येतायत असा निरोप धाडून मी तुला अर्ध्यातून परत आणवलं, आणि तू धापा टाकत दारात आलीस तर मी ओट्याशी उभी राहून शेंगदाणे खात होते. तेव्हापासून माझ्या दुखण्याखुपण्यावर या घरात कुणाचा विश्वास नाही. नसू दे. पण या वेळचं तसलं नाही गं. तुला पटेल असं कसं लिहू, या विचारात सकाळपासून तीन कागद फाडून झाले. हा चौथा.

त्या दिवशी दुकानात काय मजा आली होती! मी तर आठवून आठवून एकटीच हसते. तू यादी घेऊन आलेलीस: जंगलात चूल पेटवायला बंदी, म्हणून शिजवायला लागणारं काही नको, बारा दिवस चालायचं, दिवसाला दोन, म्हणजे चोवीस, आणि वजन कमी. तो दुकानदार तुला वाळवलेल्या जेवणाची पाकिटं दाखवत होता, कशी हलकी आहेत, नुसतं गरम पाणी ओता म्हणाला. मी विचारलं, आणि गरम पाणी काय तुम्ही पाठवणार का वर? बिचाऱ्याने ती पाकिटं परत फळीवर ठेवली. मग आपण दोघी खाली मांडी घालून बसलो आणि फळीवरचं सगळं खाली काढलं. मटारभात घे, टोमॅटोतले बटाटे घे, हाडाचं मटण नको, हाड पाकिटाला आतून टोचतं. डबा नको, जड होतो आणि रिकामा झाला तरी वागवावा लागतो. आणि घेशील त्यातलं एकेक आधी घरी, गार असताना खाऊन बघ, कारण दमलेल्या माणसाला गार गिळवलं नाही तर ते पाकीट म्हणजे पाठीवरचा दगड. तू वहीत लिहून घेत होतीस. माझं बोलणं कुणी लिहून घ्यावं! मी दुसरी पास. अक्षरं मला शाळेने कमी आणि पाकिटांनी जास्त शिकवली, कुठल्या तारखेपर्यंत खावं ते वाचता वाचता.

बावीस वर्षं मी त्या जेवणाच्या पाकिटांच्या कारखान्यात सील तपासायच्या टेबलाला होते, हे तू ऐकून ऐकून कंटाळली असशील. तरी पुन्हा ऐक, आज त्याचं कारण आहे. भरलेलं पाकीट समोर आलं की चार कोपरे दाबायचे. मग अंगठा सीलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, न उचलता. सुरकुती असेल, आत काही अडकलं असेल तर अंगठ्याला कळतं, डोळ्याला नाही. चांगलं असेल त्यावर निळी खूण. वाईट असेल ते शेजारी बसणाऱ्या कात्रीकडे. तिचं खरं नाव आता तिलाही आठवायला वेळ लागेल. ती टाकाऊ पाकिटाचा कोपरा कचकन कातरायची, म्हणजे ते चुकूनसुद्धा कुणाच्या पोटात जायला नको. आमच्या टेबलावरून गेलेलं एक पाकीट कधी परत आलं नाही.

ती खूण मी घरी आणली आणि तू ती अगदी डोक्यावर घेतलीस. शाळेच्या डब्यावर खूण नसेल तर डबा उघडायची नाहीस. परीक्षेला जाताना तळहात पुढे करायचीस. मोठी झालीस तरी तेच. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळी पाकिटं मांडून बसलीस, वजन नको म्हणून खोकी फाडून टाकलीस, आणि म्हणालीस, "आजी, तू हात फिरव. तू पास केलंस की मी डोळे मिटून खाईन."

हे वाक्य गेले चार दिवस माझ्या कानातून जात नाही.

मी हात फिरवला. सत्तावीस पाकिटं होती. दोन मी बाजूला काढली आणि कोपरे कातरले. पंचवीसवर खूण केली. सॅक भरून झाल्यावर चेन लागेना, म्हणून तू वरचं एक ओढून काढलंस आणि चोवीसच तर हवीत म्हणून ओट्याकडे भिरकावलंस. ते मी खिडकीतल्या फळीवर उभं करून ठेवलं. तू गेल्यावर येता जाता त्याच्याकडे बघून मी म्हणायचे, चालली बघ आमची मुंगी, आपल्या दुप्पट ओझं घेऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई म्हणाली, हे असं गोल का झालं? फुगलं होतं गं. तट्ट फुगलं होतं, मटारभाताचं, त्यावर माझी निळी खूण ठसठशीत. मी तशीच चप्पल अडकवून ते कात्रीकडे घेऊन गेले. तिने चष्माही घातला नाही. अंगठा फिरवला आणि मध्येच थांबली. सीलमध्ये भाताचं शीत अडकलेलं. ती म्हणाली, सॅकमध्ये कोंबेपर्यंत कसंबसं तगलं असेल, तिथे दाबल्यावर सुटलं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हे तर शिकाऊ पोरीच्याही हाताला लागलं असतं, तुझ्या हातून कसं गेलं? मी म्हटलं, घाईत गेलं असेल. तिने पाकिटावरचा बॅचचा आकडा वाचला. तू फाडून टाकलेली खोकी मी कचऱ्यातून काढून मोजली: त्याच बॅचची अजून अकरा तुझ्या पाठीवर आहेत, आणि दिवसभर दाबली जातायत.

तुझी आई जंगलखात्याच्या चौकीवर जाऊन आली. वरच्या ठाण्याचा वायरलेस बंद आहे म्हणतात. तुझा फोन तर पहिल्या टेकडीलाच गप्प झाला. वर जाणाऱ्या प्रत्येकाला निरोप सांगू म्हणाले, पण ते तुझ्या मागून चालणार, तुला गाठणार कधी? खेचरवाला तेवढा दुसऱ्या बाजूच्या जवळच्या वाटेने जातो, तो तुझ्या आधी मुक्कामाच्या झोपडीवर पोचेल. तो उद्या पहाटे निघतोय. आज त्याच्या अंगणात बसून मी त्याला चार वेळा सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, आजी, आता खेचरालाही पाठ झालं.

तू त्या झोपडीवर येईपर्यंत सहा दिवसांची बारा पाकिटं खाल्ली असशील. त्यात कुठली होती? सकाळी दहा वाजले की मी म्हणते, आता बसली असेल झाडाखाली, आता कोपरा फाडला असेल. संध्याकाळी पुन्हा तेच. या घरात त्या दोन वेळांना मी ताट बाजूला सारते. तुझ्या आईला वाटतं मी उपास धरलाय.

नीट वाच. पाकीट फुगलं नाही, वास आला नाही, म्हणून ते चांगलं असं नाही. कारखान्यात हे आम्हाला भिंतीवर लिहून दिलं होतं. चव घेऊनही बघायची नाही, त्यातलं विष जिभेला कळत नाही. आणि तोंड कोरडं पडलं, पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसायला लागले, गिळायला जमेना, यातलं काहीही झालं, दोन दिवसांनी झालं तरी, तर एक पाऊलही एकटीने टाकू नकोस. खेचरवाल्याला सांग, तो तुला खेचरावर बसवून खाली दवाखान्यात नेईल. ट्रीप राहिली तर राहिली. ते डोंगर कुठे जात नाहीत.

आता तू म्हणशील, एक शीत निसटलं, त्यात आजीचं एवढं काय? बाकीची तर आजीने तपासलीयत. तू असंच म्हणणार आणि उरलेली बारा खाणार, पिवळी पिशवी त्या खेचरवाल्याला देऊन टाकणार. मी तुला ओळखते. म्हणून जे तुझ्या आईला सांगितलं नाही, कात्रीलाही नाही, ते लिहिते. गेल्या वर्षापासून माझ्या बोटांना काही कळत नाही, मुंगी. साखरेच्या दुखण्याने गेलीयत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या हातावर तो चट्टा आहे ना, तो तेल उडून नाही पडला. मी तापलेल्या तव्यावर हात टेकून उभी होते आणि वास आल्यावर मला कळलं. त्या दुपारी तुझ्यासमोर मी कोपरे दाबले, अंगठा फिरवला, सगळं पूर्वीसारखं केलं, आणि मला काहीही लागत नव्हतं. लाकडाने लाकूड चाचपावं तसं. ती दोन पाकिटं कातरली तीसुद्धा उगीच, एकही नापास केलं नाही तर तुला शंका येईल म्हणून. हात गेला असं म्हणायची लाज वाटली गं. तू इतक्या कौतुकाने बघत होतीस. डोळे मिटून खाईन म्हणालीस, आणि मला इतका आनंद झाला, इतका, की तेवढ्यासाठी मी तुला ते बांधून दिलं.

पिवळ्या पिशवीतली बारा पाकिटं कात्रीने तपासलीयत, एकेक तीनदा. मी नुसती शेजारी बसले होते. तिने सवयीने निळी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली, ती मी परत केली. त्यांच्यावर माझी खूण नाही. म्हणून पोटभर खा.

तुझीच,
आजी