तापानं गेला असं सांगितलं

पोखर्णी,
९ फेब्रुवारी १९५४

ती. अक्कास,
धाकट्या रायभानचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. माझ्या शाळेत आता चाळीस पोरं येतात, त्यांतली निम्मी मेंढरं सोडून पळून आलेली. भिवरावहिनी जाऊन सहा महिने झाले. मल्हारीदादानं अंथरूणच धरलं होतं, पण आता आनंदाची गोष्ट कळवतो. या आठवड्यात दादा हसू लागला. म्होरक्या मेंढा त्यानं चुलतभाऊ येडबाला देऊन टाकला. परवा स्वतःचं घोंगडं आणून माझ्या खांद्यावर टाकलं. मला काय करायचंय आता, म्हणाला. मास्तर अखेर धनगर झाला म्हणून तुझी धाकटी भावजय पोट धरून हसली. दादाला विरक्ती आली, असं सगळे म्हणतात. मलाही हायसं वाटलं.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रायभान

जिंतूर,
१३ फेब्रुवारी १९५४

चि. रायभानास अ. आ.

माझी पत्रं नेहमी तुझे दाजी लिहितात. हे मीच लिहायलेय, प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांनी. वाचलंस की शाळा सोड आणि मल्हारीकडे जा.

माझा लिंबाजी तापानं गेला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तुलाही. ताप नव्हता, रायभान. लेकरानं जीव दिला. लोक काय म्हणतील म्हणून दाजींनी ताप सांगितला, आणि मी मान हलवली.

त्याआधी महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. शेवटच्या आठवड्यात मात्र हसला, पोटभर जेवला, आपला लाडका ढोल मित्राला देऊन आला. पोरगं सुधारलं म्हणून मी खंडोबापुढं नारळ फोडला.

मनात मरायचं यायलंय का, असं त्याला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण अभद्र बोललं की खरं होतं, असं वाटलं. म्हणून रोज एवढंच विचारलं, जेवलास का.

तू मल्हारीला सरळ विचार. विचारल्यानं ते मनात शिरत नाही. असलं तर आधीच असतं. रागावू नको, शपथा घालू नको, शहाणपण सांगू नको. ऐकून घे. आणि त्याला एकटं ठेवू नको.

दाजींना हे पत्र माहीत नाही. तुम्हा दोघांवर जीव टांगलेली,

अक्का

पोखर्णी,
२१ फेब्रुवारी १९५४

ती. अक्कास सा. न.

विचारलं. बांधावर बसलो होतो. दादा म्हणाला, यायलंय, दिवसपन ठरवला व्हता. आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून रडला. भिवरा गेल्यावर समद्यांनी खा म्हणलं, झोप म्हणलं, पर हे कुणी इचारलं न्हाई, म्हणाला. अक्का, घोंगडं पांघरून मी हसत होतो गं.

आता मी किंवा येडबा, कुणीतरी सतत त्याच्याजवळ असतो. परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दर आठवड्याला आणायला सांगितलंय. मी रोज विचारतो. काल म्हणाला, आजबी हाय, पर जरा कमी हाय. यापुढचं मला सांगता येत नाही.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं, माफ कर. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, लिही: लेकराला जाऊन तीन वर्सं झाली, अक्काला कुणी इचारलं का? म्हणून लिहितो. अक्का, तुझ्या मनात तसं येतं का?

उत्तराची वाट पाहणारे तुझे,
मल्हारी, रायभान

जिंतूर,
२६ फेब्रुवारी १९५४

चि. मल्हारी व रायभानास अ. आ.

येतं.

एवढं लिहिलं आणि हा कागद तुमच्या पत्रासकट दाजींच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही वाचलं, लिंबाजीचं नाव घेतलं आणि मोठ्यानं रडले. तीन वर्षांत त्या नावाचा आवाज या घरात झाला नव्हता. आज ते कचेरीत गेले नाहीत, माझ्याजवळ बसून आहेत.

तुम्ही दोघं या. मल्हारीनं समोर बसून मला पुन्हा विचारावं. कागदावर लिहिलं, पण तोंडानं सांगायला अजून जमायचं नाही, तुम्हाला थांबावं लागेल.

तुमची,
अक्का