इतिहासात कच्ची

बीव्हर ब्रूक रोड, ॲशबी फॉल्स
४ डिसेंबर

चि. ग्लेनिस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी प्रकृती छान असेल, तुझ्या ड्वाइटचा गुडघा थंडीला सरावला असेल आणि कोंबड्या अंडी देत असतील अशी आशा करते. (देत नसतील तर खुराड्यात दिवा लाव. दरवर्षी सांगते.) माझं विचारशील तर चक्कर थांबली आहे, भूक लागते आहे, आणि रागाने डोकं इतकं तापलं आहे की यंदा सरपण कमी लागतंय. कॉफीचा मोठा मग घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

आपले म्हातारे डॉक्टर निवृत्त झाल्यावर बोस्टनहून हा डॉ. प्रेंटिस आला. वय बत्तीस, बूट स्वच्छ. (बटाट्याच्या शेतांच्या गावात स्वच्छ बूट! तेव्हाच ओळखायला हवं होतं.) त्याने मला रक्तदाबाची नवी गोळी दिली आणि मला गरगरायला लागलं, म्हणून मी पुन्हा गेले. चक्कर कधीपासून येते, असं त्याने संगणकाला विचारलं, कारण माझ्याकडे तो बघतच नव्हता. मी नीट सांगितलं, की बटाट्याच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात, मर्लचं कोठार जळालं त्यानंतर, चर्चमध्ये बीन्सचं जेवण होतं त्या संध्याकाळी. आता याहून नेमकं काय सांगायचं? इथल्या कुठल्याही माणसाला विचार, तो बोटावर मोजून तारीख सांगेल. हा म्हणतो, "बटाट्यांना सुट्टी?" मी म्हटलं, "बटाट्यांना नाही हो, पोरांना! तीन आठवडे शाळा बंद, पोरं शेतावर. बटाट्यांना कसली सुट्टी?" त्याने मान डोलावली आणि काहीतरी टाइप केलं. काय, ते मला दवाखान्यातून कागद मागवल्यावर वाचायला मिळालं. 'रुग्ण इतिहास सांगण्यात कच्ची.'

कच्ची! मी! ग्लेनिस, चौतीस वर्षं मी या गावाला इतिहास शिकवला. यादवी युद्ध कॅनडाशी झालं असं लिहिणारी पोरं मी पदरात घेतली आणि माणसांत आणून सोडली. आणि कच्चं कोण होतं ते औषधांच्या दुकानदाराने एका मिनिटात सांगितलं. जुनी गोळी आणि नवी गोळी एकच, फक्त नावं दोन. या दिवट्याने एकच औषध मला दुप्पट चारलं! जुनी बंद केली, आठवड्यात चक्कर गेली. पण तोवर त्याने वाहन खात्याला कळवलं होतं, की ही बाई गोंधळलेली असते, हिला गाडी चालवू देऊ नये. खात्याने माझं लायसन काढून घेतलं. दुकान सतरा मैल, चर्च नऊ मैल, माझ्या ऑरिनची कबर अकरा मैल. आता मी काय करायचं, खिडकीत बसून बर्फ मोजायचं? ठरवलं, त्याने माझं लायसन घेतलं, मी त्याचं घेणार.

राज्याच्या वैद्यकीय मंडळाचा फॉर्म मागवला. तक्रारीचा प्रकार म्हणून पंधरा चौकोन. नशा केली का, गैरवर्तन केलं का, चुकीचा अवयव कापला का. 'मूर्खपणा' असा चौकोनच नाही! मी 'इतर'वर खूण केली आणि सोबत अकरा पानं जोडली, तळटीपांसह. त्यावर नोटरीचा शिक्का हवा. गावात नोटरी एकच, बर्ट, ज्याचं मासे पकडायच्या गळाच्या अळ्यांचं दुकान आहे, तेही नऊ मैलांवर. शेवटी शाळेच्या बसला हात केला. बस चालवते रोक्सॅन, माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "बाई, या, पण मागे बसा. पुढची बाकं बालवाडीची आहेत." गेले मागे, गुडघे हनुवटीला लावून! बर्टने अळ्यांच्या फ्रिजवर कागद ठेवून शिक्का मारला. पान सातवर अजून डाग आहे.

मग मंडळातल्या बाईंचा फोन आला. गोड आवाज. 'इतिहासात कच्ची' हा म्हणे डॉक्टरांचा नेहमीचा शब्द आहे, आजाराचा इतिहास धड सांगता येत नाही अशा रुग्णासाठी, सगळेच लिहितात, अपमान समजू नका. मी म्हटलं, "मग सगळ्यांचीच नावं द्या, फॉर्म पुष्कळ आहेत माझ्याकडे." मग म्हणाल्या, की तक्रार डॉक्टरकडे जाईल, त्याला उत्तराला तीस दिवस, आणि त्याची नक्कल तुम्हालाही येईल. वाट बघते आहे. येऊ दे, त्याचं उत्तर लाल शाईने तपासून परत पाठवीन.

तुझ्याशी बोललं की बरं वाटतं. परका माणूस पाठीत सुरा खुपसतो, घरचं माणूस तेवढं आपलं. ड्वाइटला नमस्कार सांग.

तुझी,
व्हर्ना

ता. क. खरं काम राहिलंच. दुसऱ्या डॉक्टरने मला ठणठणीत लिहून दिलं आहे. आता रस्त्यावर गाडी चालवून दाखवली की लायसन परत. परीक्षा गुरुवारी नऊ वाजता. पण परीक्षेला गाडी घेऊन जायला लायसनवालं माणूस लागतं. (हा नियम कुणी केला त्याचंही लायसन घ्यायला हवं.) तू येशील ना?

ता. क. २. चिकटवलेलं पाकीट फाडून हे लिहिते आहे. आत्ता टपाल आलं. डॉक्टरचं उत्तर. त्याने वाहन खात्याला का कळवलं ते त्यात आहे, आणि तुझे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत. 'रुग्णाच्या बहिणीने दवाखान्यात फोन करून सांगितलं, "गिरणीच्या चौकात थांबा असं लिहिलेल्या पाटीपाशी ती दोनदा गाडी न थांबवता गेली. मला तिला सांगायची भीती वाटते, पण भावंडांत आता आम्ही दोघीच उरलो आहोत."'

मला बहीण एकच आहे. अगं, एवढं वाक्य तू माझ्याजवळ का नाही बोललीस? साठ वर्षांत एकदाही नाही, आणि बोललीस ती त्या स्वच्छ बुटांच्या पोराजवळ! मी इतकी चिडले आहे की पेन कागदातून आरपार गेलं, बघ वरची ओळ. तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

ता. क. ३. तक्रार मागे घेत नाही, गोळी दुप्पट दिलीच त्याने. पण इतिहास सांगायचा तर धड सांगावा. पाटीपाशी न थांबता दोनदा नाही, तीनदा गेले. एकदा तू गाडीत नव्हतीस.

गुरुवारी आठला ये. जाताना गाडी तू चालव आणि एक अक्षर बोलू नकोस. येताना कुणी चालवायची ते परीक्षक ठरवील.