डॉक्टर मीच पारखून घेतली

प्रिय आई,
वाकून नमस्कार. आधी नीट बस. तू आजी होणार आहेस!

मागच्या खेपेला बाळ राहिलं नाही, ते तुला ठाऊकच आहे. म्हणून या वेळी शंका विचारल्या, तर पहिले डॉक्टर म्हणाले, "एवढे प्रश्न कशाला? आमच्यावर सोडा." मी सरळ उठले. तुझे जावई बघतच राहिले.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मागे काय झालं ते सावकाश सांगा," म्हणाल्या. सगळं ऐकलं, मग तपासलं. आई, बाळाचे ठोके ऐकले गं! घोडा दौडावा तसे! जावई ढसाढसा रडले. पाणी मीच दिलं.

उलट्या होतात, पण काळजी नको. बाबांचे गुडघे कसे आहेत? बाळंतपणाला येशील ना? बाईंना विचारलंय, तुला माझ्या उशाशी बसू देणार आहेत.

तुझी धीट झालेली,
धाकटी