दुसरी टिक

अधारताल, बुधवार संध्याकाळ

नेट हळू चालतं म्हणून प्रणालीने लॅपटॉपवर स्कॅन लावला. आपल्या वायफायवर काय काय जोडलंय ते त्यात दिसतं म्हणे. "आई, हा बिननावाचा मोबाईल कोणाचा ओ? शेजारचं कोणी फुकट चालवून राहिलं!" मीच म्हटलं, "चलो, काढून टाक त्याला."

संध्याकाळची बुद्धवंदना झाल्यावर रोजच्यासारखं प्रणालीच्या बाबांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, "आज वांग्याची भाजी केली." दुसरी टिक आलीच नाही. मग कपाट उघडलं. त्यांचा फोन सुरू होता, पण नेट नव्हतं. ते गेल्यावर रिचार्ज बंद केलं, तरी फोन मी घरच्या वायफायवर ठेवून चार्ज करत राहिले. त्या दुसऱ्या टिकेसाठीच.

पोरीला कसं सांगू? हसणार नाही ती, रडेल.

काढून टाक त्याला, असं काहून म्हटलं मी?