बँडमधली बाबांची खुर्ची

प्रिय गुंड्या,

फोनवर तू येतो म्हणालास आणि मी बरं म्हणून फोन ठेवला. एवढ्या मोठ्या गोष्टीची आपण मायलेकरांनी दोन शब्दांत बोळवण केली. बँडमास्तरांना बाबांच्या जागी तू हवा आहेस, आणि तू तिथलं तुझं वाजवणं, तुमचा तिघांचा बँड, सगळं गुंडाळून निघायच्या तयारीत आहेस. त्यावर नीट लिहावं म्हणून बसले आहे. हल्ली बोलायला गेलं की शब्द सापडत नाहीत, लिहिताना निदान थांबता येतं.

मी बरी आहे. बाबांना जाऊन महिना होत आला, पण मी रडलेले नाही. परवा इस्त्रीचे कपडे आले, त्यात बाबांचे कार्यक्रमाचे पांढरे सदरे होते. घडी मोडू नये अशा बेताने ते कपाटात ठेवले आणि भाजी चिरायला घेतली. तुझी मावशी टक लावून बघत असते, आत्ता बांध फुटेल, मग फुटेल म्हणून. बिचारीची दर वेळी निराशा होते. खरं सांगू, मला काहीच वाटत नाही, आणि या न वाटण्याची भीती वाटते.

गेल्या शनिवारी मास्तरांनी आग्रहाने मला हॉलवर नेलं. बाबांविना पहिलाच कार्यक्रम. खुर्ची तशीच ठेवली होती, पियानो आणि ड्रमच्या मधे. पडदा वर गेला, मास्तरांनी हात उंचावला, खाली आणला, आणि कोणीच सुरू केलं नाही. सगळे वाद्यं सरसावून नुसते बसून राहिले. मास्तरांचा हात ही शोभेची वस्तू आहे हे लोकांना कुठे ठाऊक? आधी बाबा गिटारच्या तारा दाबून धरून चार ठोके द्यायचे, मंचावरच्यांनाच ऐकू जातील इतके हळू, आणि बँड त्यावर निघायचा. इतक्या वर्षांत हे कधी कोणाला शिकवावं लागलं नव्हतं, म्हणून आता ते कोणी करायचं हेही ठरवायचं राहून गेलं. शेवटी ड्रमवाल्याने कशीबशी सुरुवात केली आणि बाकीचे गाडी सुटल्यासारखे त्याच्या मागे धावले. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, आज काहीतरी कमी वाटतंय. काय कमी ते त्यांना सांगता येईना. बाबांना हा शेरा फार आवडला असता.

लहानपणी तू वैतागायचास, की बाबा वाजवतात तरी काय? ना सोलो, ना अ‍ॅम्प्लिफायर. प्रत्येक ठोक्याला सगळ्या तारांवर मिळून एक कॉर्ड, आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल सोडून तिचा आवाज मिटवायचा. आयुष्यभर तेवढंच. मग तू विजेची गिटार आणलीस आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बाबा म्हणायचे, याच्या बोटांमागे कुत्रं लागलंय. तू ते मनाला लावून घेतलंस. तुमचं कधी भांडण झालं नाही. भांडायलाही आधी बोलावं लागतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुम्हा तिघांची ती रेकॉर्ड आली, तेव्हा बाबा जेवायला बसले होते. त्यांनी ती लावली, संपल्यावर पुन्हा लावली. ताट गार झालं. उठताना म्हणाले, एक सूरही माझ्यासारखा नाही, सुटला पोरगा. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. म्हटलं, हे त्याला सांगा की. तर म्हणाले, वाजवणाऱ्याला मधेच टोकू नये.

म्हणून काल मी मास्तरांना भेटून आले. तू येणार नाहीस, असं तुझ्या वतीने सांगून टाकलं. तुला विचारलं नाही, रागवायचं तर रागव. पण फोनवरचा तुझा तो होकार मी ओळखते. कडू औषधाला तोंड उघडायचास तेव्हाचा आवाज होता तो. तू मुलगा म्हणून त्या खुर्चीवर बसशील, चांगलं वाजवशीलही, आणि बाबांना झालेला तेवढा आनंद मी तुझ्या हातून पुसून टाकलेला असेल. मास्तर दुसरा कोणीतरी बघतील. तेव्हा आता तुला इथे यायला माझ्याखेरीज काही कारण उरलेलं नाही. तेवढ्यासाठी यावंसं वाटलं तर ये.

तुझीच,
आई