रविवारचा तवा

४ ऑक्टोबर १९५३, रविवार

परत तेच! जाळी कुठे, जाळी कुठे. अरे, जाळी मी खाल्ली काय? साहेबाला दहादा सांगून झालं — घरमालक हरिहरपंत स्वतः आले, म्हणाले, "अंगणात निखाऱ्यावर हे असलं भाजायचं नाही. धूर आमच्या देवघरात येतो. आत काय करता ते मी बघत नाही." आणि जाळी उचलून घेऊन गेले. साहेब कारखान्यात एवढी मोठी यंत्रं बसवतो, पण एवढी गोष्ट डोक्यात बसत नाही.

आचारी पेद्रू असता तर त्यानं निभावलं असतं. तो पोटदुखीनं गोव्याला गेला तो गेलाच. मी पाणी भरणारा, भांडी घासणारा. साहेब म्हणाला, "उत्तम, तुम करेगा. पाँच रुपया जास्ती. नहीं तो दूसरा आदमी." दूसरा आदमी! धाकट्या बहिणीचं, मालनचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर करायचं चाललंय. घरी दर महिन्याला जे वीस रुपये जातात ते माझेच. हो म्हणालो.

आज स्वयंपाकघरात, खिडक्या लावून, स्टोवर केलं. स्टेक म्हणतात. मोठ्या जनावराचं मांस, दोन बोटं जाड तुकडा. साहेब मुंबईहून कागदात बांधून आणतो. मी फडक्यानं धरला. आपलं मटण शिजवतात तसं पाणी घालून झाकण ठेवलं. तासाभरानं साहेबानं सुरी लावली. चालेना. "ये स्टेक नहीं, जूता है!"

गावी सगळ्यांना वाटतं मी साहेबाच्या हापिसात शिपाई आहे.

५ ऑक्टोबर

हात चार वेळा धुतले. वास जात नाही. का माझ्याच नाकात बसलाय?

११ ऑक्टोबर, रविवार

साहेबानं शेजारी उभं राहून शिकवलं. आधी तुकडा फडक्यानं टिपून अगदी कोरडा कर. मीठ लाव. भांडं धूर निघेपर्यंत तापव. मग टाक आणि हात लावू नको. पण त्याचं भांडं ॲल्युमिनियमचं, कागदासारखं पातळ. तुकडा पडला की गारठतं, पाणी सुटतं, परत उकडल्यासारखं राखाडी. साहेब चिडला. इकडंतिकडं बघितलं. माझ्या पथारीशेजारी भिंतीला आईचा तवा टेकवलेला.

"वो लाओ."

मी म्हणालो, वो मेरा है साब. रोटी का.

"हाँ हाँ. लाओ."

आणला. दुसऱ्या कुणी नाही, मी आणला.

आजीपासूनचा बिडाचा जाड तवा, काठाचा एक टवका उडालेला. गाव सोडताना आईनं फडक्यात बांधून दिला होता. "हाटेलात खाऊ नको. भाकरी करून खा. मालनच्या लग्नाला परत आण, तिच्या भांड्यांत द्यायचाय."

स्टोला पंप मारला. तव्यातून धूर निघाला. तुकडा टाकला — चर्रर्र! तीन मिनिटं एक बाजू, तीन मिनिटं दुसरी, वर लोणी. मग ताटलीत काढून पाच मिनिटं नुसता ठेवायचा. साहेबानं कापला. आत लाल! मला वाटलं, गेली नोकरी. तर साहेब डोळे मिटून म्हणतो, "फर्स्ट क्लास, उत्तम. फर्स्ट क्लास."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? आणि तो वास आला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हे लिहू नये. लिहिलं!

१२ ऑक्टोबर

तवा राखेनं घासला. चिंचेनं घासला. स्टोवर तासभर रिकामा तापवला. खाडीवर नेऊन बुडवून आणला. आगीत सगळं जळतं ना? कुणाला विचारू? विचारायचं तर आधी सांगावं लागेल.

भाकरी केली नाही. चणे खाल्ले.

१८ ऑक्टोबर, रविवार

परत केलं. परत फर्स्ट क्लास. तवा आता काळा कुळकुळीत, तुकतुकीत झालाय. आधी असा नव्हता. ती चरबी बिडात मुरत चाललीय.

काल भाकरीपण त्याच्यावरच केली. किती दिवस चणे खाणार?

२० ऑक्टोबर

आईचं कार्ड. मास्तरांच्या अक्षरात. मालनचं ठरलं. पाटणची माणसं, घरातले सगळे माळकरी. "मुलाचे वडील विचारत होते, थोरला मुंबईकडं असतो, त्याचं खाणंपिणं कसं? आम्ही सांगितलं, आईच्या तव्यावरची भाकरी खातो." पुढं लिहिलंय — महिपत मामा एक तारखेला येतो आहे, तुला बघून तवा घेऊन येईल.

तो तवा मालनच्या घरात! तिची सासू माळ घातलेली, त्याच्यावर भाकरी थापणार. कधी ना कधी फुटेलच. इथं काय शिजतं ते पेद्रूला माहीत आहे, हरिहरपंतांना माहीत आहे. फुटलं की मालनला दारात उभी करणार नाहीत. आणि नाही फुटलं तर? मला तर माहीतच आहे.



२३ ऑक्टोबर

बाजारात तसाच तवा मिळाला. हुबेहूब. फक्त काठाचा टवका नव्हता, आणि आई टवका बघितल्याशिवाय राहायची नाही. मागल्या दारी बसून दगडानं हळूच ठोकला. बीडच ते! मधोमध दोन तुकडे. दुसरा घ्यायला पैसे नाहीत.

२९ ऑक्टोबर

मामा आज आला! तीन दिवस आधी!

मी घासलेटच्या रांगेत होतो. साहेब कारखान्यात. मागल्या दारातून आत आलो तर भाकरीचा वास. मामा स्टोपुढं मांडी घालून बसलेला. माझंच पीठ, माझीच परात, आणि तो तवा. ताटात दोन भाकरी झालेल्या, एक अर्धी खाल्लेली.

"काय रं उत्तम, भूत बघितलंस व्हय?"

"तुम्ही एक तारखेला येणार होता..."

"गाडीत जागा घावली, आलो. हाटेलचं मला सोसत न्हाई. म्हनलं, पोरगा येस्तवर करून घ्यावी भाकर." मग तव्याकडं बघून म्हणाला, "कशी सुटतीया बघ! नुसती सरकतीया. त्याल पाजतोस काय तव्याला?"

मी घासलेटचा डबा खाली ठेवला. मामानं भिंतीशी गुंडाळलेल्या माझ्या पथारीकडं बघितलं.

"शिपाई हाईस न्हवं? मग पथारी सैपाकघरात कशी?"

"साहेबाचं हापिस घरातच आहे, मामा."

"आसं व्हय," म्हणाला आणि तिसरी भाकरी टाकली. तिन्ही खाल्ल्या. चौथी माझ्या पुढ्यात ठेवली. "खा. वाळलाईस."

मीही खाल्ली.

३० ऑक्टोबर

मामा सकाळच्या गाडीनं गेला. तवा गोणपाटात गुंडाळून मांडीवर.

फलाटावर ठरवलं होतं, सांगायचंच. तो लढाईत जाऊन आलेला माणूस. मारील, थुंकील, पण तवा तरी इथंच राहील.

"मामा..."

"काय?"

"पाणी आणू का?"

"आण."

पाणी आणलं. शिट्टी झाली. मामा खिडकीतून म्हणाला, "हाताला चटकं बसल्यात तुझ्या. फडकं धरत जा." बस्स. गाडी सुटली. मी थोडं पळलो. काहीतरी ओरडलो, काय ते मलाच माहीत नाही.

१ नोव्हेंबर, रविवार

साहेबाच्या पातळ भांड्यात केलं. राखाडी. साहेब बोलला नाही, ताटली नुसती सरकवली. "तवा किधर?"

घर गया साब.

"दूसरा लाओ. नहीं तो..."

पुढचं मला पाठ आहे.

६ नोव्हेंबर

दिवाळी. साहेबानं दोन रुपये दिले. हरिहरपंतांकडून फराळाचं ताट आलं — माझ्यासाठी! लाडू तसाच ठेवला. तवा आता आईच्या चुलीवर असेल. का मालनच्या भांड्यांत बांधून ठेवला असेल?

९ नोव्हेंबर

पत्र नाही.

१० नोव्हेंबर

पोस्टमन पुढं निघून गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं का? बघितलं असं वाटलं.

१२ नोव्हेंबर

बंद पाकीट! मामाचं अक्षर. मामा जन्मात कार्डाशिवाय लिहीत नाही. बंद पाकिटात काय असतं ते माहीत आहे. मोडलं. मालनचं मोडलं. माझ्यामुळं!

फोडवत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलंय.

१३ नोव्हेंबर

फोडलं.

"उत्तमास आशीर्वाद. लग्न २९ तारखेस, रजा काढून ये. तवा घरी आला नाही. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा अंधारात खिडकीतून सोडून दिला. तुझ्या आईस सांगितले, गाडीत चोरीस गेला. ती दोन दिवस मला नाही नाही ते बोलली. मला पहिल्याच घासाला कळले होते. लढाईत, मिसर देशात, पत्र्याच्या बंद डब्यांतून आम्हास तेच मांस येई. भूक होती, खाल्ले. घरी कधी सांगितले नाही, तुला पहिल्यांदा सांगतो. मालनला नवा तवा मी पाटणच्या बाजारातून घेतो, त्याचे तीन रुपये तू पाठव. तू तिकडे दोन घे. एक साहेबाचा, एक तुझा. पत्र जाळ."

जाळलं.

पोस्टात जाऊन आलो. वीसच्या जागी तेवीस रुपये पाठवले.